छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन: आधी शेवटच्या प्लगचा विचार करा

१९६४ साली सनबीमने आपल्या छोट्या अल्पाइन गाडीतलं १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन काढून तिथे फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ (व्ही आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर) बसवलं आणि त्या गाडीला टायगर असं नाव दिलं. इंजिन बसलं, गाडी पळाली, नावही झालं. पण बॉनेटखाली जागा इतकी तंग होती की डाव्या रांगेतल्या सगळ्यात मागच्या स्पार्क प्लगपर्यंत हातच पोचेना. शेवटी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, एक भोक ठेवून त्याला रबरी बूच लावलं. तो प्लग बदलायचा तर बूच काढायचं आणि भोकातून पान्हा घालायचा! ऑइल फिल्टरही मूळ जागेवरून हलवावा लागला आणि स्टिअरिंग बदलून रॅक-पिनियनचं घ्यावं लागलं.

हे कारखान्यातलं काम, तेही इंजिनिअर, ड्रॉइंग आणि लेथ हाताशी असताना. आपण घरच्या शेडमध्ये हेच करायला निघतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘बसेल का?’ कापाकापीची तयारी असेल तर काहीही बसतं. बसल्यानंतर शेवटचा प्लग कसा निघणार, सेल्फ मोटर उतरवायला इंजिन खाली घ्यावं लागणार का, तापलेल्या सायलेन्सर पाइपशेजारून ब्रेकची लाइन जाणार का, हे प्रश्न विचारले तर निम्मे चुकीचे बेत कागदावरच गळून पडतात.

या लेखात मी पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद असलेली छोटी दोन सीटांची गाडी गृहीत धरली आहे. उदाहरणं बहुतेक मझदा एमएक्स-५ची आहेत, कारण माझे हात तिच्यावरच काळे झाले आहेत. इंजिन मधोमध किंवा मागे असलेल्या गाड्यांचं तंत्र वेगळं, त्या इथे नाहीत. आणि एक गोष्ट पान्हा हातात घेण्याआधीच करा: जिथे गाडी नोंदवलेली आहे तिथे इंजिन बदलाला परवानगी, तपासणी आणि विमा यांचे नियम काय आहेत ते लेखी मिळवा.

इंजिन निवडताना

लिटरचा आकडा मोठा म्हणजे इंजिन आकाराने मोठं, हा पहिला गैरसमज. जनरल मोटर्सचं एलएस-१ हे १९९७च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं ५.७ लिटरचं व्ही-८. पण त्याचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकच्या पोटात असल्यामुळे हेड, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, अरुंद आहेत, आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे. चार कॅमशाफ्टचं, लिटरने लहान असलेलं व्ही-८ रुंदीला याच्यापेक्षा जास्त भरतं. म्हणूनच इतक्या एमएक्स-५मध्ये एलएस दिसतं. मात्र त्याच्यासोबत गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच), तिथवर ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, पुढची सबफ्रेम असं सगळंच बदलतं. मूळ गाडीचे दरवाजे आणि बिल्ला तेवढे उरतात. पहिल्याच प्रयत्नाला हे काम घेऊ नका.

दुसरा लोकप्रिय पर्याय होंडाच्या के-२४चा. २३५४ सीसी, ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, तर जुन्या एमएक्स-५चा ब्लॉक लोखंडी. त्यामुळे ताकद वाढूनही नाकावरचं वजन वाढत नाही. होंडाची आधीची बी-सिरीज मात्र या कामाची नाही, कारण तिचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) इतर बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेने फिरतो. ती नेहमीच्या गिअरबॉक्सला जोडली तर गाडीला एक फॉरवर्ड आणि पाच रिव्हर्स गिअर मिळतील. के-सिरीज सरळ दिशेने फिरते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: त्याच कुळातलं थोरलं इंजिन. २००५नंतरच्या एनसी पिढीच्या एमएक्स-५मध्ये २.० लिटरचं इंजिन आहे, ८७.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८३.१ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). त्याच कुळातलं २.५ लिटरचं इंजिन मझदा ६सारख्या गाड्यांत आलं, ८९ मिमी बोअर आणि १०० मिमी स्ट्रोक, म्हणजे २४८८ सीसी. गाडीचा स्वतःचा गिअरबॉक्स त्याला लागतो, बरेच सेन्सरही चालतात. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळतही नाही. फुशारकी मारायला हे इंजिन काही कामाचं नाही, पण गाडी वर्षभर चालते.

कोणतंही इंजिन नक्की करण्याआधी ते जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती टेप घेऊन फिरा. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे? पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतलं इंजिन आडवं बसलेलं असतं. ते उभं केलं की चेंबर नेमका स्टिअरिंग रॅकवर येऊन टेकतो. सेल्फ कोणत्या बाजूला आहे आणि तुमचा स्टिअरिंगचा दांडा कोणत्या? एक्झॉस्ट त्याच बाजूला आला तर दांड्याच्या सांध्याशेजारी लाल होणारा पाइप जाणार आहे. इनटेक मॅनिफोल्ड फायरवॉलमध्ये घुसतो का? थर्मोस्टॅटचं तोंड कुठे आहे? हे सगळं एका कागदावर काढा. वजन करता आलं तर जुन्या आणि नव्या दोन्ही इंजिनांचं करा, तेही सेल्फ, अल्टरनेटर, फ्लायव्हील सगळं लावून. नुसत्या ब्लॉकच्या वजनाला काही अर्थ नाही.

जुनं इंजिन विकत घेताना

शक्य असेल तर मागून ठोकलेली, पण चालू होणारी अख्खी गाडीच घ्या. इंजिन स्वस्तात मिळतं आणि मग त्याचं वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), चावी, इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीरोधक यंत्र), अ‍ॅक्सिलरेटर पेडल, एअरफ्लो सेन्सर, ब्रॅकेट आणि चार विचित्र लांबीचे बोल्ट गोळा करता करता जीव मेटाकुटीला येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या इंजिनाला त्याचंच पेडल लागतं, हे पुष्कळांना उशिरा आठवतं.

इंजिन चालू असताना बघायला मिळालं तर गरम करून कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असला तर पुढे बोला. लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणं, त्याहून बोलकी: गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेली तर हवा कुठून येते ते ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर इंजिन तिथेच ठेवून घरी या.

उतरवण्याआधीची मापं

सगळ्यांना घाई असते ती इंजिन लटकवून फोटो काढण्याची. पण एक अख्खा दिवस मापांसाठी द्या. तो पुढे आठवडे वाचवतो.

चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. क्रँक पुलीच्या बोल्टचा मध्य जमिनीपासून आणि चॅसीच्या दोन्ही बाजूंपासून किती अंतरावर आहे ते मोजा. गिअरबॉक्सच्या शेपटीचा आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन डिजिटल अँगल गेजने घ्या. गिअरचा दांडा केबिनमध्ये कुठे येतो तेही नोंदवा. बॉनेट बंद करून इंजिनच्या सगळ्यात उंच भागावर वर किती जागा आहे ते बघायचं असेल तर मळलेल्या मातीचा उंच गोळा तिथे ठेवा, बॉनेट हळूच लावा, परत उघडा. दबलेल्या मातीची जाडी हेच तुमचं माप.

मग उतरवायला घ्या. आधी पेट्रोलचं प्रेशर सोडा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. नंतर बॅटरी काढा. एसी असेल तर गॅस यंत्र असणाऱ्याकडूनच काढून घ्या, हवेत सोडू नका. प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून दोन्ही टोकांना एकच क्रमांक टाका. ‘आठवेल’ असं म्हणून सोडलेला कनेक्टर कधीही आठवत नाही.

एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी पॉवर प्लांट फ्रेम नावाची अ‍ॅल्युमिनियमची लांबलचक तुळई आहे. ती सोडली की गिअरबॉक्सची शेपटी खाली पडते, म्हणून आधी जॅक लावा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच काढणं सोपं. क्रेनला लोड लेव्हलर असेल तर नाक वर, शेपटी खाली असा तिरपा कोन देता येतो. नसेल तर साखळीशी झगडत बसावं लागतं. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं यातलं काहीही घालायचं नाही.

पुन्हा पुन्हा बसवून बघणं

हा सगळ्यात लांबचा टप्पा, आणि लांबच असू द्या. शक्य असेल तर रिकामा ब्लॉक, हेड, ऑइल चेंबर आणि गिअरबॉक्सचं कव्हर एवढंच जोडून बसवून बघा. वजन कमी असलं की दहा वेळा काढ-घाल करायला कंटाळा येत नाही. गाडी स्टँडवर समतल असली पाहिजे, आणि सस्पेन्शन लटकत ठेवून माप घेऊ नका. डिफरन्शियल सबफ्रेमवर पक्कं असलं तरी स्टिअरिंगचे दांडे आणि अँटिरोल बार चाकांबरोबर वर-खाली होतात.

इंजिन जितकं मागे आणि जितकं खाली जाईल तितकं बरं, पण दोन्हीला मर्यादा आहेत. ऑइल चेंबर हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग होता कामा नये, क्रॉसमेंबर त्याच्या खाली असायला हवा. आणि मागे सरकवताना माझं जुनं तुणतुणं वाजवतो: मागचा प्लग, कॉइल, बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाचे) वरचे बोल्ट. पान्हा घालून, फिरवून बघा. नुसती बोटं पोचणं पुरेसं नाही.

रबरी फाउंडेशनवरचं इंजिन स्वस्थ बसत नाही. पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की ते एका बाजूला कलतं. म्हणून चॅसी, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या लाइन आणि एक्झॉस्ट यांच्यात निदान १५ ते २० मिमी मोकळी जागा हवी. ‘कट्टर’ दिसावं म्हणून रबराऐवजी सरळ लोखंडी फाउंडेशन लावणारे भेटतात. तासाभराच्या प्रवासात दातांची कवळी हलते आणि वर्षभरात ब्रॅकेटला तडे जातात.

आता कोन. प्रोपेलर शाफ्टचा साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकड्यात फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढ्याच कोनात, योग्य जुळणीत असेल तर हा चढउतार एकमेकांत विरतो. त्यामुळे क्रँकची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर ठेवायची, आणि प्रत्येक जॉइंटला १ ते ३ अंशांचा कोन द्यायचा. शून्य अंश आदर्श वाटतो, पण मग सुईसारखी बेअरिंग एकाच जागी दाबून बसतात आणि तिथे खाचा पडतात. वरून बघून बाजूचा कोनही तपासा. इंजिन बाजूला सरकवलेलं असेल तर तो हमखास विसरला जातो.

जागा ठरली की ब्रॅकेट आधी टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून बसवा, इंजिन काढा, परत बसवा, मापं जुळली तर बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग करा. गाडीत इंजिन असताना लांब वेल्ड मारला की धातू ओढला जातो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयू दोन्ही काढलेले हवेत.

चेंबर कापावा लागला तर आतल्या स्ट्रेनरची, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची, जाळी विसरू नका. जाळी आणि चेंबरचा तळ यांत ६ ते १० मिमी अंतर लागतं. कमी झालं तर ऑइल ओढताना गुदमरतं, जास्त झालं तर वळणावर हवा ओढली जाते. माझ्या पहिल्या चेंबरचं काम देखणं झालं होतं, वेल्ड म्हणजे मण्यांची माळ! सहज म्हणून आत मातीची गोळी ठेवून चेंबर लावला आणि काढला, तर गोळी कागदासारखी चपटी. जाळी तळाला टेकलेली. ती तशीच राहिली असती तर पहिल्या लांब घाटातच बेअरिंग गेली असती.

२.५चं टायमिंग: चावी नसलेला क्रँक

मझदाच्या या कुळाची एक खोड माहीत नसल्यामुळे चांगली इंजिनं वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

२.५चा ब्लॉक २.०पेक्षा उंच आहे, त्यामुळे टायमिंग चेन आणि पुढचं कव्हर २.५चंच ठेवायचं. उलट ऑइल चेंबर, स्ट्रेनर आणि इनटेक मॅनिफोल्ड गाडीच्या जुन्या २.०चे लागतात. २.५च्या पोटात बॅलन्स शाफ्टचा गठ्ठा असतो. एमएक्स-५च्या चेंबरमध्ये तो मावत नाही, म्हणून काढावा लागतो. काढला की ब्लॉकमधून त्याला ऑइल पुरवणारं भोक उघडं पडतं. तिथे बूच बसवलं नाही तर ऑइलचं प्रेशर तिथूनच वाहून जातं.

आता खरी गोम. बहुतेक इंजिनांत क्रँकवरच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) आणि पुलीला चावी, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा असतो, त्यामुळे चुकीच्या जागी ती बसूच शकत नाहीत. इथे चावीच नाही. स्प्रॉकेट आणि पुली केवळ एका बोल्टच्या दाबाने आणि घर्षणाने धरून ठेवलेली असतात. कोणी ‘फक्त पुढचं ऑइल सील बदलू’ म्हणून तो बोल्ट सैल केला, की टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्टची जुळणी, त्या क्षणी सुटलं; खुणा बघायला खुणाच नाहीत.

क्रम असा. ब्लॉकच्या बाजूचा छोटा प्लग काढून तिथे लॉकिंग पिन घाला आणि क्रँक हाताने सावकाश फिरवत पिनला टेकवा. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकांना खाचा आहेत. त्यांत ५ मिमी जाडीची सरळ पट्टी आरपार बसली पाहिजे. पुली एका ६ मिमी बोल्टने पुढच्या कव्हरला तात्पुरती अडकवा, कारण क्रँक सेन्सरचे दाते पुलीवर आहेत आणि ती थोडी जरी फिरली तर ईसीयूला क्रँकची जागा चुकीची कळते. मग क्रँकचा बोल्ट, दर वेळी नवाच: आधी सुमारे १०० न्यूटन-मीटर, त्यावर आणखी ९० अंश. हे करताना पुली वेगळ्या हत्याराने धरा. लॉकिंग पिन जागा दाखवण्यासाठी आहे, जोर सोसण्यासाठी नाही; तिच्यावर भार टाकलात तर ती वाकते आणि टायमिंगही बिघडतं. शेवटी पिन, पट्टी, छोटा बोल्ट तिन्ही काढून क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा आणि तिन्ही परत बसतात का बघा. नाही बसले तर पुन्हा पहिल्यापासून.

स्ट्रोक वाढल्याचा आणखी एक परिणाम. ७००० आरपीएमला ८३.१ मिमी स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.४ मीटर असतो, १०० मिमी स्ट्रोकचा २३.३ मीटर. जुनी रेव्ह लिमिट डोळे मिटून ठेवू नका. या इंजिनाची मजा मधल्या आरपीएमला आहे.

क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल

परक्या इंजिनाला अडॅप्टर प्लेट लावून गिअरबॉक्स जोडत असाल तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आहेत का ते डायल गेजने तपासा. ०.१३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. गेज फ्लायव्हीलला चिकटवायचं आणि क्रँक फिरवत बेलहाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेवर काटा वाचायचा. काटा एकूण जेवढा हलला त्याच्या निम्मा म्हणजे खरा फरक. हे न केलेल्या गाड्यांत क्लच विनाकारण ओढतो आणि पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं) वरचेवर जातं. इंजिन ऑटोमॅटिक गाडीतलं असेल तर क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग आहे का तेही बघून घ्या.

डिफरन्शियलमध्ये जुन्या १.६ एमएक्स-५चा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे: तिचं क्राउन व्हील (डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक) ६ इंची, ते मोठ्या इंजिनाचा मार सोसत नाही. १.८ आल्यावर ७ इंची आलं, ते पुष्कळ सोसतं. १.६च्या गाडीत काहीही मोठं घालणार असाल तर हा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

जोर वाढला की फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलचं गुणोत्तर) थोडा उंच, म्हणजे लहान आकड्याचा घेता येतो. २०५/४५ आर १७ टायर एका फेरीत साधारण १.९४ मीटर जातो. गिअर १:१ आणि फायनल ४.१ असेल तर १०० किमी वेगाला इंजिन सुमारे ३५३० आरपीएमला फिरतं. फायनल ३.६ केला तर तेच सुमारे ३१०० वर येतं. लांबच्या प्रवासात कान सुखावतात आणि पेट्रोलही वाचतं.

पाणी, पेट्रोल, वायर

रेडिएटर लिटर बघून निवडू नका, ताकद बघून निवडा. जळलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते. रेडिएटरला पंख्याचं आवरण नीट बसलेलं हवं, नाहीतर पंखा शेजारचीच हवा घुसळत राहतो. पाण्याच्या वाटेतली सगळ्यात उंच जागा शोधून तिथे हवा काढायची सोय करा. एलएसच्या हेडना वाफ बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या बंद करून टाकणारे लोक नंतर हेडच्या पॅकिंगला दोष देतात. जुन्या एमएक्स-५मध्ये तर गंमतच आहे. तिचं इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठीचं; तिथे पाणी हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडायचं. एमएक्स-५मध्ये ते तोंड बंद करून पाणी पुढूनच बाहेर काढलं, आणि चौथा सिलिंडर जास्त तापायला लागला. तुमचंही इंजिन आडव्याचं उभं होत असेल तर पाणी कुठून आत जातं आणि कुठून बाहेर येतं हे बोटाने शोधत जा.

पेट्रोल पंपाचा हिशोब सोपा. पूर्ण थ्रॉटलला प्रति किलोवॉट-तास सुमारे ३२० ग्रॅम धरा. १५० किलोवॉटला ताशी ४८ किलो, म्हणजे सुमारे ६५ लिटर. त्यावर चांगली मोकळीक ठेवा, आणि पंपाचा आकडा तुमच्या इंजिनाला लागणाऱ्या प्रेशरवरचा वाचा. जाहिरातीतला आकडा बहुधा कमी प्रेशरवरचा असतो. होज पाइप इंजेक्शनच्या दाबाचेच हवेत.

वायरिंगची बहुतेकांना धास्ती असते. दोन्ही गाड्यांचे डायग्राम समोर ठेवून एका वहीत रकाने पाडा: कायम करंट, चावी लावल्यावर करंट, सेल्फ मारताना करंट, पंप, पंखा, आरपीएमचा काटा, तापमानाचा काटा, चार्जिंगचा दिवा, ब्रेक आणि क्लचचे स्विच. प्रत्येक ओळीत इकडची वायर, तिकडची वायर, रंग आणि फ्यूज. पंचवीस-तीस ओळींत सगळं बसतं. इमोबिलायझरचा निकाल मात्र आधीच लावा.

अर्थिंगचं मी अनुभवातून सांगतो. एका गाडीत सगळं जोडलं, सेल्फ मारला, इंजिन रडतरखडत फिरलं. बॅटरी बदलली, सेल्फ तपासला, तेच. तिसऱ्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघाला. ब्लॉक ते चॅसीची जाड अर्थ पट्टी मी रंगकामाच्या वेळी काढून खिळ्याला टांगली होती आणि ती तिथेच राहिली होती. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या केबलमधून चालला होता. तेव्हापासून सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मल्टिमीटर लावायची सवय झाली आहे. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंग, मग बाकी सगळं.

ब्रेकचं थोडक्यात: वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. नवे ब्रेक इंजिनाच्या आधी बसवा, नंतर नाही. नाकावर वजन वाढलं असेल तर पुढच्या स्प्रिंगा बदला, आणि सुरुवातीला नोंदवलेली मडगार्डची उंची परत आली की अलाइनमेंट करून घ्या.

पहिला सेल्फ

अग्निशामक हाताशी, एक माणूस बाहेर. प्लग काढलेले, पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टरही काढलेले. सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये विश्रांती द्या, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग प्लग आणि कॉइल लावा, पंपाचा फ्यूज घाला, चावी दोन-तीन वेळा नुसती ऑन-ऑफ करा आणि पेट्रोलचा प्रत्येक जोड हाताने चाचपा. वास आला तरी थांबा.

चालू झालं की नजर ऑइलच्या काट्यावर. पाच-सात सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद. आलं तर मोह आवरून आयडलिंगवर राहू द्या, रेस देऊ नका. पाणी तापताना हवा काढत राहा, पंखा आपोआप लागतो का बघा, हीटर गरम हवा देतो का बघा. थंड हवा आली तर पाण्यात अजून हवा अडकली आहे. पूर्ण थंड होऊ द्या, पाणी भरा, पुन्हा एकदा तापवा.

पहिली फेरी घरापासून चालत परत येता येईल एवढीच. परतल्यावर फाउंडेशनचे, प्रोपेलर शाफ्टचे आणि एक्झॉस्टचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी बोल्ट हलला की नाही ते नुसत्या नजरेने कळेल. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड (ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर बसवून हवा-पेट्रोलचं मिश्रण बघितल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचं नाही. त्यानंतर सावकाश अंतर वाढवत न्या.

५०० किलोमीटर झाले की ऑइल बदला, फिल्टर कापून बघा आणि चारही प्लग बाहेर काढून ओळीने ठेवा. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक, पांढरे फटक असतील तर लीन (पेट्रोल कमी), काळी काजळी असेल तर रिच (पेट्रोल जास्त). एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल तपासा. माझ्या २.५मध्ये चौथा प्लग काढायला नेहमीचा पाना, एक छोटं एक्स्टेंशन आणि दोन मिनिटं लागली. त्याआधीच्या गाडीत त्याच कामासाठी इनटेक उतरवावा लागायचा. ती गाडी मी विकली.